चार म्हणतो, पाणी मागत नाही

नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका घरात फ्रिजच्या दारावर फोटो चिकटवले आहेत. पाण्याचा पेला, केळं, चप्पल, बागेतला झोका, बाथरूमचं दार. घरातला मुलगा पावणेचार वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम असल्याचं गेल्या वर्षी कळलं. फोटोंवरून घरात वाद आहे. मुलाचे आई-वडील त्यात फारसे नाहीत. वडील अंबडच्या कारखान्यातून रात्री येतात आणि आई दिवसभर इतकी दमते, की वादाला तिच्याकडे वेळ उरत नाही. वाद आहे तो आजोबा आणि त्यांच्या भाचीत. आजोबा बागलाणातल्या जिल्हा परिषद शाळांमधून निवृत्त झालेले शिक्षक. भाची नाशिकमध्येच स्पीच थेरपिस्ट. अशी जोडी या शहरात बऱ्याच घरांत सापडेल, म्हणून नावं न देता मी त्यांना मामा आणि भाची एवढंच म्हणतो.

मामा : आधी ते फोटो काढ. देवानं तोंड दिलंय पोराला. कागद कशाला हवाय?

भाची : फोटो नव्हते तेव्हा तहान लागली की काय करायचा तो?

मामा : रडायचा. नाहीतर माझं मनगट धरून ओढत न्यायचा आणि माझा हात माठावर ठेवायचा.

भाची : हात ठेवताना तुमच्या तोंडाकडे बघायचा?

मामा : नाही. माठाकडे.

भाची : आणि आता?

मामा : आता पेल्याचा फोटो ओढून काढतो नि हातात कोंबतो. कौतुक काय त्यात? अगं, पोरगा बोलतोय! परवा मी सहज 'बे एके बे, बे दुणे' म्हटलं आणि थांबलो. त्यानं 'चार' म्हटलं. स्वच्छ. 'बे त्रिक' म्हटलं तर 'सहा'. म्हणजे जीभ जड नाही, कान शाबूत आहेत, आणि पाठांतर माझ्या दुसरीच्या वर्गाला लाजवील असं. मग पाणी का मागत नाही? आपण मागायला लावत नाही म्हणून. कुबडी हातात दिल्यावर कोण पाय टेकेल?

भाची : 'चार' म्हणाला याचा मलाही आनंद आहे. पण तो 'चार' त्यानं तुम्हाला म्हटला का? तुम्ही थांबलात, पाढा अर्धा राहिला, त्यानं पुरा केला. तिथं तुमच्याऐवजी मोबाइल असता तरी केला असता.

इथं मामा गप्प बसले, पण पटलं म्हणून नव्हे. भाचीचा मुद्दा तसा जुनाच आहे. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञानं १९४३ मध्ये बाल्टिमोरहून ऑटिझम असलेल्या ज्या अकरा मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यांतली आठ मुलं बोलत होती. तीन बोलत नव्हती. बोलणाऱ्या आठांकडे शब्द भरपूर होते, नावं होती, पाठ केलेल्या प्रार्थना होत्या. कॅनरच्या लक्षात आलं ते हे, की एवढं असून ते बोलणं दुसऱ्याला काही सांगण्याच्या कामी येत नव्हतं. पाणी हवं असलं की मूल आईचाच प्रश्न जसाच्या तसा परत म्हणे : तुला पाणी हवंय का? मराठीत हे आणखी ठळक दिसतं, कारण आपल्याकडे क्रियापदही लिंग धरून येतं. दिवसभर आईबरोबर असलेला असा मुलगा 'मी जाते' म्हणतो आणि पाहुणे हसतात. त्यानं वाक्य अख्खं उचललेलं असतं, आईच्या आवाजाच्या चढउतारांसकट.

मामा : पाठांतराला नावं ठेवू नको. माझी सगळी नोकरी त्यावर गेली. आधी ओठात बसतं, मग डोक्यात उतरतं.

भाची : नावं ठेवत नाहीये. पूर्वी थेरपीत असं पुन्हा म्हणणं मोडून काढायचे, आता तसं करत नाहीत. त्यातही मुलाचं काहीतरी म्हणणं असतं. जाहिरातीचं वाक्य भूक लागल्यावरच म्हणत असेल, तर ते भुकेचं वाक्य. ते ऐकून आपण 'भूक लागली' म्हणायचं आणि वाढायचं. माझं भांडण एवढंच आहे, की तुम्ही शब्द मोजता. मी आधी बघते, की मूल वळून बघतं का. कावळा दिसला की वर्षाचं पोर बोट दाखवतं आणि आईकडे वळतं. त्याला कावळा नको असतो. आईनं बघावं, एवढंच हवं असतं.

मामा : 'देख' म्हणतं.

भाची : तेच. तुमच्या अहिराणीतलं 'देख'. मागण्यासाठीचं बोट ऑटिझम असलेल्या मुलांनाही बऱ्याचदा जमतं, उशिरा का होईना. हे नुसतं दाखवण्यासाठीचं बोट फार मागे राहतं. आपल्या पोराचं अजून आलेलं नाही.

मामा : येईल. त्याचा बाप तीन वर्षांचा होईस्तोवर कुठं बोलत होता? तुझ्या मामीनं वेखंड उगाळून चाटवलं, सप्तशृंगीला नवस बोलली, आणि पोरगं बोलायला लागलं ते आजतागायत थांबलेलं नाही.

भाची : दादा बोट दाखवायचा का?

मामा : बोट? अरे, मारामाऱ्या करायचा! आईस्क्रीमची गाडी आली की ओढत न्यायचा, खुणा करायचा, सांगितलेलं सगळं समजायचं.

भाची : मग तो उशिरा बोलणारा मुलगा होता. अशी मुलं असतात, त्यांतली पुष्कळ आपोआप मार्गी लागतात. वेखंडाशिवायही लागली असती. कुणाचं समजणं, खुणा, हाक मारल्यावर वळणं, लुटुपुटीचा खेळ शाबूत आहे आणि कुणाचं नाही, यावरून फरक ओळखायचा. आपला पोरगा दीड वर्षाचा असताना 'मम' आणि 'बाबा' म्हणायचा, मग ते शब्द गेले. आलेले शब्द गेले, तर कुठल्याही वयात दाखवायला न्यायचं असतं. तेव्हा घरात सगळे म्हणाले, बोलेल हळूहळू.

मामा : मीही म्हणालो.

हा मुद्दा त्यांनी लांबवला नाही, मीही लांबवत नाही. वर्षापर्यंत खुणा आणि बडबड नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःच्या मनानं जोडलेले दोन शब्द नाहीत, तर थांबू नये, आणि सर्वांत आधी कान तपासून घ्यावेत. 'हाक मारली की वळत नाही' हे बहिरेपणातही दिसतं, म्हणून ओएई आणि बेरा या चाचण्या आधी, बाकी सगळं नंतर. थांबण्याच्या वादात मी भाचीच्या बाजूचा आहे. लवकर सुरू करून काही बिघडत नाही. मूल नुसतंच उशिरा बोलणारं निघालं, तर थोडे पैसे जातात. फोटोंचं तसं नाही. तिथं मामांच्या शंकेला वजन आहे, कारण ही शंका जवळपास प्रत्येक घरात असते.

मामा : मग सांग, फोटो दिले की बोलणं मागे पडत नाही, हे कशावरून?

भाची : २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर या तिघांनी त्याआधीचे अभ्यास गोळा करून तपासले. चित्रं, हातखुणा, यंत्रं, सगळं. नीट पुरावा होता अशा सत्तावीस जणांत एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. एकोणनव्वद टक्क्यांचं वाढलं होतं.

मामा : सत्तावीस?

भाची : सत्तावीस.

मामा : माझ्या एका वर्गात त्याहून जास्त पोरं असायची.

भाची : संख्या लहान आहे, आणि वाढही बहुतेकांची थोडीच होती. पण तुमचं म्हणणं होतं, की बोलणं खुंटतं. तसा एकही निघाला नाही. माझा स्वतःचा अनुभवही तोच. फोटो हातात ठेवला की समोरचा माणूस हलतो, हे मुलाला कळतं. ते एकदा कळलं की आवाजानंही माणूस हलतो हे कळायला फार लागत नाही.

मामा : आणि एवढं करून बोलतील किती?

भाची : अमेरिकेत २०१३ मध्ये पाचशे पस्तीस मुलांची माहिती तपासली होती. ऑटिझम असलेली, आणि चौथ्या वर्षी शब्द जोडून बोलू न शकणारी. आठव्या वर्षापर्यंत किंवा पुढे सत्तर टक्के मुलं शब्द जोडून बोलू लागली. सत्तेचाळीस टक्के सफाईनं बोलू लागली. म्हणजे 'पाच वर्षांच्या आत नाही बोलला तर संपलं' हे जे घराघरांत घाबरवतात, ते खरं नाही.

मामा : उरलेले तीस टक्के?

भाची : त्यांच्यासाठीच म्हणतेय, की फोटो आजपासून हवेत. आपला पोरगा कुठल्या गटात आहे हे आज कुणीच सांगू शकत नाही. तो बोलेपर्यंत चार वर्षं त्याची तहान थांबवून ठेवायची का?

मामा : थांब. तू हुशार आहेस, पण इथं तुम्ही लोक पट्टी खाली घेता. 'संवाद' म्हणता. हातवारे चालतील, फोटो चालेल, यंत्र चालेल. ऐकायला चांगलं वाटतं. पण उद्या सिंहस्थ आला. रामकुंडावर याचा हात सुटला, तर पोलिसाला हा केळ्याचा फोटो दाखवणार? नाव सांगता आलं पाहिजे. बापाचं नाव, इंदिरानगर. दुखलं तर कुठं दुखतं ते सांगता आलं पाहिजे. शाळेत कुणी मारलं तर मारलं म्हणून सांगता आलं पाहिजे. न बोलणाऱ्याला जग कसं वागवतं ते मी खेड्यात पाहिलंय. बोलणं हवंच. बोलणं पर्यायी आहे, असं मला कुणी सांगू नये.

भाची : गर्दीसाठी खिशात पत्त्याचं कार्ड, हातात पट्टी, एवढंच माझ्याकडे उत्तर आहे. ते पुरेसं नाही, मान्य. बोलणं मलाही हवंय, मामा. मी त्याचाच धंदा करते.

भाचीची एवढी पंचाईत या वादात दुसऱ्यांदा झाली नाही. मला मामांचं म्हणणं इथं रास्त वाटतं. मोठे झालेले, स्वतः न बोलणारे ऑटिस्टिक लोक टाइप करून सांगतात, की आमच्यावर बोलण्याची सक्ती नको, आणि त्यांचं ऐकलंच पाहिजे. पण पावणेचार वर्षांच्या मुलाचं बोलणं येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असताना घरच्यांनी त्याचा हट्ट धरला, तर त्याला अडाणीपणा म्हणता येणार नाही.

मग विषय भाषेवर गेला, आणि तिथं पक्षच बदलले.

भाची : तुम्ही त्याच्याशी हल्ली मराठीत बोलता, तेही जपून. का?

मामा : सुनेला नर्सरीत सांगितलं, घरी फक्त इंग्लिश बोला. आधीच उशीर, त्यात चार भाषा, डोक्यात गोंधळ होईल. म्हणून ती 'वॉटर, वॉटर' करते. मला ते येत नाही. अहिराणी तर घरात बंदच केली. मग मी गप्प बसतो.

भाची : हे मात्र चुकीचं सांगितलं. कॅनडात २०१२ मध्ये ऑटिझम असलेल्या मुलांवरच अभ्यास झाले. दोन भाषा ऐकणारी मुलं एक भाषा ऐकणाऱ्यांपेक्षा मागे नव्हती. गोंधळ होतो याला पुरावा नाही. तोटा झालाच तर उलट्या बाजूनं होतो. वहिनीला इंग्लिशमध्ये शंभर शब्द सुचतात, मराठीत हजारो. तुमचं तर तोंडच बंद झालं. ज्या घरात मुलाच्या कानावर जास्तीत जास्त माणसाचं बोलणं पडायला हवं, तिथं तुम्ही दोन माणसं मुकी केलीत.

मामा : म्हणजे 'आठे ये' म्हटलं तर चालेल?

भाची : चालेल काय, म्हणाच. लाडानं, रागानं, जसं तुमच्या तोंडी येतं तसं. फोटोबरोबर तुम्ही 'पानी' म्हणा आणि वहिनी 'पाणी' म्हणू दे, त्यानं काही बिघडणार नाही.

हा सल्ला नाशिक जिल्ह्यात फार जणांनी ऐकायला हवा. सटाणा, कळवण, मालेगावकडे अहिराणी, सुरगाणा-पेठकडे आदिवासी बोली, शहरात मराठी, कार्टूनमध्ये हिंदी आणि शाळेत इंग्रजी. मुलाला बोलायला उशीर झाला की घर सर्वांत आधी आजीची भाषा सोडतं. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं जेलो हे चित्रांवर बोट ठेवून बोलण्याचं अ‍ॅप मराठीतही बोलतं. अहिराणीत बोलण्यासाठी मात्र मामांसारख्या माणसाचं तोंडच लागतं.

मामा : बरं, बोलतो. मग काय विचारू त्याला? मी तक्ता घेऊन बसतो. हा कोण? वाघ. हा कोण? हत्ती. सांग, नाक कुठाय?

भाची : हेच सोडा. आपल्याकडे मूल दिसलं की परीक्षा सुरू होते. काकांना नाक दाखव, गाणं म्हणून दाखव. पोरगं पहिल्या दोन प्रश्नांनंतर पाठ फिरवतं. गोव्यात 'संगाथ' या संस्थेत आणि पाकिस्तानात रावळपिंडीत मिळून एक प्रयोग झाला. पासष्ट मुलं, दोन ते नऊ वर्षांची. २०१६ मध्ये तो 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त छापून आला. तज्ज्ञ कुणी नाही, शिकवून तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते. ते घरी जायचे, आई-मुलाच्या खेळाचं व्हिडिओ चित्रण करायचे आणि आईबरोबर बसून ते बघायचे. बघा, इथं त्यानं गाडी उचलली, तुम्ही थांबलात, आणि त्यानं वर पाहिलं. एवढंच. प्रश्न कमी करायचे, मूल करतंय त्यावर बोलायचं, थांबायचं.

मामा : निघालं काय त्यातून?

भाची : आई-बाप मुलाच्या कलानं वागू लागले, आणि मुलं आपण होऊन जास्त वेळा आई-बापांकडे वळू लागली. मात्र दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ उलट थोडा कमी झाला. तोही निकाल त्यांनी छापला.

मामा : हे बरं केलं. नाहीतर तुमचं सगळंच यशस्वी असतं.

भाची : आणि तुम्ही पाढ्याशी केलंत ते याच्या फार जवळ आहे. तुम्ही थांबलात! तिथंच एक गोष्ट वाढवा. 'बे दुणे' म्हणून थांबलात की तो 'चार' म्हणेपर्यंत थांबू नका, तो तुमच्याकडे बघेपर्यंत थांबा. कधी मुद्दाम 'पाच' म्हणा. तो हसला, चिडला, हात धरला, तर समजा तुमच्याशी बोलला.

मामा : पाढा चुकवू? मी?

यावर स्वयंपाकघरातून सून हसली. मामांचा चेहरा मात्र खरंच पडला होता.

पैशांचा आणि अंतराचा विषय निघाला तेव्हा मामांनी सटाण्याचा एसटीचा प्रवास सांगितला. नव्वदेक किलोमीटर यायचं, पाऊण तासाचं सेशन, आणि परत. त्यांचा पोरगा शहरात नसता तर नातवाचं निदानच झालं नसतं, असं त्यांचं म्हणणं. कागदावर व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा तपासतात, आणि विकासातला विलंब हा त्यांच्या तपासणीचाच एक भाग आहे. पुढच्या उपचारासाठी जिल्हा रुग्णालयातलं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत स्वमग्नता आहे, आणि 'निरामय' विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतच्या खर्चात थेरपीही धरली जाते. तरी पथकातल्या डॉक्टरला एका सकाळी अंगणवाडीभर मुलं बघायची असतात. शांत, कोपऱ्यात चाकं फिरवत बसलेलं मूल त्रास देत नाही, म्हणून नजरेतून सुटतं. २०१८ मध्ये देशातल्या पाच भागांची पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तर गोवा त्यांपैकी एक. ऐकू येण्यापासून ऑटिझमपर्यंत अशा नऊ अडचणी त्यात धरल्या होत्या, आणि दोन ते नऊ वर्षांच्या साधारण आठ मुलांत एकाला त्यांपैकी काही ना काही होतं.

मामा : आमच्या काळी नाशकात रजनीताई लिमयांची 'प्रबोधिनी' ही अशा पोरांची शाळा होती. सत्त्याहत्तर साली काढली त्यांनी. त्याआधी अशी पोरं घराबाहेर दिसतच नव्हती. माझ्या शाळेच्या पटावरही एक होता. हजेरी लागायची, वर्गात कधी आणला नाही. मीही घरी जाऊन विचारलं नाही.

भाची : तुम्ही आता एक करा. वहिनीसमोर मोबाइलचं नाव काढू नका.

मामा : मी काय म्हणालो?

भाची : जेवताना म्हणालात, मोबाइलवर वाढवला म्हणून असं झालं. ती ताट तसंच ठेवून उठली. मागच्या पिढीत अमेरिकेत ब्रूनो बेटलहाइम नावाच्या माणसानं अख्खं पुस्तक लिहून आयांच्या थंडपणाला दोष दिला होता. १९६७ मध्ये. ते खोटं ठरलं, तोवर किती आया स्वतःला खात बसल्या. मोबाइलनं ऑटिझम होतो, असं दाखवणारा पुरावा नाही.

मामा : मग देऊ मोबाइल?

भाची : नाही. दोन वर्षांच्या आत नकोच, आणि पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाच्या आत, असं आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. मोबाइल लावलेल्या तासात त्याच्याशी कुणी बोलत नाही, म्हणून. तो तास तुम्ही घ्या.

मामा : म्हणजे गुन्हा नाही, पण बंद करा.

भाची : हो.

मामा : बरं. फोटोंचं मात्र माझं ठरलंय. दिवाळीपर्यंत राहू देईन. मग काढणार.

भाची : काढा. तोवर त्यानं पेल्याचा फोटो तुमच्या हातात आणून दिला, तर काय कराल?

मामा : पाणी देईन. आणि सांगेन, 'पाणी' म्हण, मग देतो.

भाची : 'म्हण' सांगू नका. तुम्ही 'पानी' म्हणा, आणि द्या.

मामा : तेच ते.

भाची : तेच नाही, मामा.